खंडेनवमीला उचललेला पाना

बापूमामांच्या मोटारीत समोर तीन जादा काटे बसवलेले होते आणि गाडी चालवताना मामा रस्त्यापेक्षा त्यातल्या एकाकडेच जास्त बघायचे. तो काटा इंजिनातल्या तेलाच्या दाबाचा. मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. लातूरला त्यांची डाळ मिल होती, तुरीच्या भुशाने अंगणातली तुळससुद्धा पिवळट दिसायची, पण त्यांचा जीव मिलमध्ये नव्हता, त्या पांढऱ्या मोटारीत होता. पुण्याच्या कुणा रॅलीवाल्याकडून त्यांनी ती घेतली होती. बाहेरून चारचौघींसारखी साधी; बॉनेट उघडलं की मात्र दोन कार्ब्युरेटर, जाडजूड नळ्या आणि घासूनपुसून चकचकीत केलेलं इंजिन. औशाच्या रस्त्याला लागली की एस.टी. गाड्या मागे दिसेनाशा व्हायच्या. मामी तिला सवत म्हणायची, आणि ते सगळंच काही गमतीत नसायचं. पाहुणे आले की मामा त्यांना चहाच्या आधी मोटार दाखवायचे आणि मामी आतून भांडी जरा मोठ्यानेच आपटायची.

आमचं घर नांदेडला. वडील शाळेत मास्तर, त्यामुळे घरात वह्यांचे गठ्ठे आणि लाल शाईचा वास. मी विष्णुपुरीच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो. घराण्यात पहिला इंजिनिअर होणार होतो आणि होण्याआधीच झाल्यासारखा वागत होतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ते माझ्याकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं. सुट्टी लागली की पहिली गाडी पकडून लातूर. मामीच्या हातची येसराची आमटी, तव्यावरून थेट ताटात येणारी ज्वारीची भाकरी, सोबत शेंगदाण्याची जाडसर चटणी आणि फोडलेला कांदा. सकाळी धपाटे आणि सायीचं दही. मी खात असायचो आणि मामा शेजारी बसून दाबाच्या काट्याबद्दल बोलत असायचे. मी मान हलवायचो. निम्मं मला कळायचं, निम्मं कळल्याचं दाखवायचो.

मोटार सांभाळायचे ते गुंडाप्पा मिस्त्री. निलंग्याकडचा माणूस, चाळिशी ओलांडलेला, अंगाने वाळका, बोटं मात्र लांब आणि जपून चालणारी. त्यांना स्वतःचं दुकान नव्हतं. मामांच्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते काम करायचे, आणि गावातले ट्रकवाले, जीपवाले तिथंच येऊन उभे राहायचे. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू ड्रायव्हर होता त्यांच्याकडे. त्याचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, तिसऱ्या नंबरचं बेरिंग बोलायलंय. उघडून बघितलं की तिसऱ्याच नंबरचं निघायचं. बोल्ट आवळून झाला की त्यावर अंगठा फिरवायची त्यांची सवय होती, लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मामांनी त्यांना शब्द दिला होता की रस्त्याकडेचा मोकळा प्लॉट त्यांना वर्कशॉपला द्यायचा, पाटी त्यांच्या नावाची. नारळ दसऱ्याला फुटायचा होता. मिस्त्री एवढे अबोल, पण हा विषय निघाला की पाटी कुठल्या रंगाची हवी ते सांगायचे.

त्या वर्षी गणपती बोळवले आणि पहाटे जमीन हलली. त्या दिवसांबद्दल फार जणांनी लिहिलंय, मी त्यात भर घालत नाही. मला आठवतात ते नंतरचे आवाज. लातूरमधलं मामांचं घर पडलं नाही, पण कुणी छताखाली झोपायला तयार नव्हतं. सगळी गल्ली अंगणात आणि रस्त्यावर. मामी उशाशी एकावर एक उलटे पेले रचून ठेवायची. जमीन जराशी थरारली की पेले खाली पडायचे आणि साऱ्या गल्लीला जाग यायची. मांजराने पाडले तरी तेच. मिस्त्रींची थोरली बहीण त्या पडलेल्या गावांपैकी एकात दिलेली होती. ते आठ दिवस तिकडेच होते. नवव्या दिवशी परत आले, शेडमध्ये गेले आणि अर्धवट राहिलेल्या जीपचं काम पुढे सुरू केलं. बहीण सापडली का, असं मामीने विचारलं तेव्हा "सापडली" एवढंच म्हणाले आणि मामीने पुढे विचारलं नाही.

मामांनी मोटार मदतीच्या कामाला लावली. एका डॉक्टरांना आणि औषधांच्या खोक्यांना घेऊन ते रोज पत्र्याच्या वसाहतींकडे जायचे, त्या दगडधोंड्यांतून, तेही त्यांच्या वेगाने. रॅलीची मोटार ती, दोन आठवड्यांत इंजिनाने मान टाकायला सुरुवात केली. गाडी तापून उभी राहिली की काटा खाली यायचा. मामांनी पुण्याहून मोठ्या दातांचा ऑइल पंप मागवला, रॅलीवाले वापरतात तो. मिस्त्रींनी तो दोन दिवस खपून बसवला, नवा फिल्टरही लावला. धावताना काटा आता झकास वर जायचा, पण गरम इंजिन मंद चालीवर आलं की पुन्हा दहावर. मामा नाराज झाले. एवढा मोठा पंप, आणि काटा तिथंच?

"मालक, पंपानं काम केलंय त्याचं," मिस्त्री म्हणाले. "बेरिंगी झिजल्यात. तेल जातंय तिकडून निसटून. भोकाच्या घागरीत कितीबी वता. खालून इंजन खोलावं लागंल. दसरा होऊ द्या, मग खोलतो. तवर दमानं चालवा."

"म्हंजे खोलल्यावर आठ दिवस गाडी उभी?"

"काट्याकडं बगू नका. आवाज ऐका. आवाज अजून चांगला हाय."

मामांना ते पटलं नाही. मी दसऱ्याच्या सुट्टीला आलेलो होतो. रात्री जेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय इंजनेर? तीन वर्षं शिकून एवढा एक काटा हालंना का तुझ्यानं?" मामी हसली. मीही हसलो. पण मला ते लागलं. वर्गात मी दुसरा यायचो, आणि इथं भाकरी मोडत बसलेला मामा मला एका काट्यावरून चिडवत होता.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मिस्त्रींनी सगळे पाने, हातोड्या, पकडी घासलेटने धुतल्या, पुसल्या आणि पाटावर मांडल्या. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मला म्हणाले, "आज यास्नी सुट्टी, दादा. वर्षभर राबत्यात. आज कुणी हात लावायचा न्हाई." एवढं करून ते मेव्हण्याला भेटायला वसाहतीकडे गेले. दुपारी पुरणपोळी खाऊन मामा आडवे झाले. मी शेडमध्ये गेलो आणि पाटावरचा एक पाना उचलला. त्याच्या मुठीवरचं कुंकू माझ्या तळहाताला लागलं होतं, ते मी पँटला पुसलं.

काय केलं ते सांगतो. तेलाचा दाब बेसुमार वाढू नये म्हणून एक झडप असते, तिच्यामागे स्प्रिंग. दाब ठरलेल्या हद्दीच्या वर गेला की स्प्रिंग दबते, झडप उघडते आणि जादा तेल माघारी जातं. त्या इंजिनाला ती बाहेरूनच एका टोपीच्या बोल्टमागे होती. मी बोल्ट काढला, स्प्रिंगमागे दोन वायसर सारले आणि बोल्ट परत आवळला. म्हणजे झडप उशिरा उघडणार आणि काटा आणखी वर जाणार. आता मंद चालीवर ती झडप मिटलेलीच असते, तिथे वायसरचा काही उपयोग नाही, हे पुस्तकात होतं आणि मला माहीत होतं. म्हणून मी कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा फेरा फिरवून इंजिनाची मंद चालही थोडी वाढवून ठेवली. आजार तसाच ठेवून मी ताप मोजायचं यंत्र बदललं. पाना पुसून पाटावर होता तिथे ठेवला आणि माळ नीट केली.

मामा उठल्यावर मी गाडी सुरू करून दाखवली. मंद चालीवर पंचवीस, रेस दिली की नव्वद. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "काय केलंस रे?" मी म्हणालो, "काही नाही, नवा पंप आहे, जरा बसायला वेळ लागतो." हे मी का म्हणालो? कारण खंडेनवमीला पाना उचलला असं त्या घरात सांगता येत नव्हतं. शौर्य गाजवायचं होतं आणि बोलणीही खायची नव्हती. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी फार खुशीत होतो.

काटा वर दिसतोय म्हणून मामांनी इंजिन खोलणं पुढे ढकललं. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मी नांदेडला परतलो होतो. त्या पहाटे लातूरला गारठा होता. थंड इंजिनात तेल घट्ट, पंप मोठा, झडप माझ्या कृपेने बंद, आणि मामांचा पाय सवयीप्रमाणे रेसवर. फिल्टरखालची रबरी रिंग दाबाने बाहेर ढकलली गेली. औशाच्या अलीकडे काटा शून्यावर आला तेव्हा मामा नेमके डॉक्टरांशी बोलत होते. सगळं तेल रस्त्यावर सांडलं आणि इंजिन धरलं, आतल्या आत घट्ट अडकून बसलं. सुदैवाने माणसांना काही झालं नाही. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवर औषधांची खोकी गेली. मोटार दोरीने ओढत घरी आली. आठवड्याने मामांनी ती नांदेडच्या एका मोठ्या गॅरेजला दिली. मिस्त्रींना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं की भाग तिकडेच मिळतात. त्या गॅरेजवाल्याने इंजिन खोललं आणि ते दोन वायसर मामांच्या हातावर ठेवले.

दिवाळीच्या आधी मी लातूरला गेलो तेव्हा मामा मला घेऊनच शेडमध्ये गेले. वायसर त्यांनी मिस्त्रींसमोर डब्याच्या झाकणात ठेवले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते फार मायेने बोलले.

"गुंडाप्पा, तुला कुणी बोल लावत न्हाई. बहिणीचं एवढं झालं, माणसाचं डोकं ठिकाणावर राहतंय का? रिंग नीट बसली नसंल. आन् हे वायसर बी तूच टाकून इसरला असशील."

मिस्त्रींनी वायसर उचलून बघितले. "मालक, म्या न्हाई टाकले हे."

"मग टाकले कुणी? खंडेनवमीपासून सगळे पाने पाटावर. तूच मांडले, दसऱ्यानंतर तूच उचलले. त्या दिशी घरात पान्याला हात लावणार कोण?" मामा माझ्याकडे वळले. "सुधीर, तू सांग बाबा. हे आपोआप जातात का आत?"

मी म्हणालो, "नाही मामा. कुणीतरी टाकल्याशिवाय जात नाहीत."

हे वाक्य मी मनाशी पुष्कळदा तपासून बघितलंय. त्यात एक अक्षर खोटं नाही. मी आयुष्यात खोटं बोललो असेन, पण त्या खऱ्या वाक्याइतकं वाईट काही बोललो नाही. मिस्त्रींच्या तोंडावर राग नव्हता. ते आठवायचा प्रयत्न करत होते. त्या दोन दिवसांतला एकेक बोल्ट मनात उलगडून बघत होते, आणि मी समोर उभा राहून ते बघत होतो.

"टाकले असतील," शेवटी ते म्हणाले. "फिल्टर लावतानी तिचीच याद येत हुती, तेवढं खरं हाय. टाकले असतील, मालक. मला याद न्हाई."

त्या क्षणी तोंड उघडायला मला काय झालं होतं? मामा फार तर चार शिव्या देणार होते. मामी दोन दिवस बोलली नसती. वडिलांना कळलं असतं तर त्यांनी लाल शाईने लिहिल्यासारखं एक पत्र पाठवलं असतं. एवढंच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, पण इथे तर संन्याशानेच सूळ खांद्यावर घेतला आणि चोर पाहुणा म्हणून चकल्या खायला आत गेला.

भूकंपामुळे दसऱ्यावरून पाडव्यावर ढकललेला वर्कशॉपचा नारळ पाडव्यालाही फुटला नाही. मामांनी काही मोडता घातला नाही, मिस्त्रीच नको म्हणाले. ट्रकवाले येत राहिले, ते त्यांना दुसरीकडे पाठवू लागले. माझा हात इसरायलाय, म्हणायचे. उद्या कुणाचा ब्रेक इसरला तर? भूकंपाने पुष्कळांची डोकी फिरवली होती, त्यात आणखी एक, असं गाव समजलं. लोक हळहळले. त्या हळहळीनेच त्यांचं नाव बुडवलं.

पुढे मी इंजिनिअर झालो, पुण्यात वर्षभर नोकरी केली, रमलो नाही. तोवर लातूरमध्ये क्लासेसचं पीक आलं होतं. गावोगावची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन उतरायची, एकेका खोलीत सहा सहा जण, मेसचे डबे आणि भिंतीवर टक्क्यांची स्वप्नं. मामांनी मोटार विकली. त्याच रस्त्याकडेच्या प्लॉटवर दोन मजली हॉल बांधला आणि मला म्हणाले, फिजिक्स शिकीव. मी शिकवू लागलो. बरं शिकवायचो, पोरं यायची. पालक विचारायचे ते फक्त मार्क वर गेले का, आणि मार्क वर न्यायच्या युक्त्या मला ठाऊक होत्या. समजण्याचं नंतर बघू, असं मीही म्हणायला शिकलो. मामांनी दयेपोटी गुंडाप्पांना गेटवर वॉचमन ठेवलं. ज्या जागेवर त्यांच्या नावाची पाटी लागायची, तिथे ते खाकी शर्ट घालून पोरांच्या सायकली ओळीत लावायचे आणि मला सर म्हणायचे. असं अठरा वर्षं चाललं. तुम्ही म्हणाल, रोज दिसणाऱ्या माणसाला अठरा वर्षांत सांगता आलं नाही? रोज दिसत होते म्हणूनच सांगता आलं नाही. कालही सांगितलं नव्हतं, मग आज काय म्हणून सांगायचं?

दुपारी दोन बॅचच्या मध्ये जिन्याचं दार बंद करायचं काम त्यांचं. एकदा मी खाली उतरलो तर ते कुलूप ओढून बघत होते. ओढलं, चार पावलं गेले, परत आले, पुन्हा ओढलं. मग गेटपर्यंत गेले आणि तिथूनही परत आले. हे रोजचंच होतं, पोरं त्यांची नक्कलही करायची. त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्री, लागलंय कुलूप. किती वेळा बघता?"

"बगितलेलं बरं, सर," ते हसून म्हणाले. "माझा काय भरवसा? माझा हात इसरतो. तुमास्नी तर ठावं हाय."

मी पायरीवरच बसलो आणि सांगून टाकलं. खंडेनवमी, पाना, झडप, कार्ब्युरेटरचा स्क्रू, सगळं. ते उभेच होते. माझं संपल्यावर त्यांनी आधी काय विचारावं?

"दोनच टाकले हुते का?"

"दोन."

"दोन," ते म्हणाले. "त्या मोठ्या पंपावर? मग रिंग जाणारच. कुणीबी बसवली असती तरी गेली असती." क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जुना मिस्त्री आला. मग तो उतरला. "मग मी काम सोडलं ते कशापायी?"

माफ करा, असं मी म्हणालो असेन. त्यांनी ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. म्हणाले, "चला घरी. आत्ताच चला."

"मिस्त्री, तीनची बॅच आहे."

"बसू द्या तिला."

अठरा वर्षांत त्यांनी मला दिलेला हा पहिला हुकूम. किल्ल्या त्यांनी कट्ट्यावर ठेवल्या आणि कुलूप पुन्हा न बघता चालायला लागले. मी मागे. दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. त्यांची बायको चंद्रभागाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून तिने पदर सावरला आणि लगबगीने सतरंजी अंथरली.

"बसा सर. आज इकडं कसं काय?"

"सांगा," मिस्त्री म्हणाले.

मी दुसऱ्यांदा सांगितलं. या वेळी जास्त वेळ लागला, कारण तिला झडप म्हणजे काय तेही सांगावं लागलं. मिस्त्री मध्येच मला थांबवून तिला सोपं करून समजावत होते, हाताने स्प्रिंग दाबून दाखवत होते. बोलून संपलं तेव्हा ते तिच्याकडे वळले.

"ऐकलीस का? मी इसरलो न्हवतो."

"मी तवाच म्हणत हुते," ती म्हणाली. "तुमीच ऐकलं न्हाई."

ते भिंतीला टेकून खाली बसले आणि रडायला लागले. साठी उलटलेला माणूस, मोठ्याने, लपवून न ठेवता. तिने त्यांना रडू दिलं. मग उठली, चुलीकडे गेली, आधण ठेवलं. मराठवाड्यात वैरी दारात आला तरी त्याला चहा पाजल्याशिवाय कुणी परत पाठवत नाही. मी सतरंजीवर तसाच बसून होतो. थोड्या वेळाने ती दोनच कप घेऊन बाहेर आली. एक मिस्त्रींच्या हातात दिला, दुसरा घेऊन त्यांच्या शेजारी बसली, आणि मी उठून दाराबाहेर पडलो तोवर तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.